घरचा माणूस चालत नाही

माझ्या बायकोनं कॉलेजच्या अभ्यासासाठी किसनची मुलाखत घेतली. माझी घेतली नाही.

किसन म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा. रहाटणीला आम्ही एकाच इमारतीत राहतो आणि चाकणला एकाच कंपनीत काम करतो. मी क्वालिटीला, तो प्रेस शॉपला, पत्रा दाबणाऱ्या मशीनवर. बस एक, शिफ्टसुद्धा बहुतेक वेळा एकच. माणूस चांगला आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण डब्यात आज कोणती भाजी आहे हे ज्याला डबा उघडून तोंडात घास घातल्यावरही कळत नाही, त्याची मुलाखत? आणि तीही झोपेवर? नाकाला मिरची झोंबली ती तिथं.

कारण झोप हा माझा विषय आहे. आमच्या शिफ्ट आठवड्याला बदलतात, एकदा सकाळची, एकदा दुपारची, मग रात्रीची. रात्रीच्या शिफ्टला आम्ही थर्ड म्हणतो. थर्डचा आठवडा आला की बसमधली निम्मी माणसं आजारी असल्यासारखी दिसतात. दिवसा झोप येत नाही, डोळे लाल, डोकं जड, घरी चिडचिड. मला यातलं काही होत नाही. मी सकाळी घरी येतो, अंघोळ करतो, तळपायाला तेल चोळतो, डाव्या कुशीवर होतो आणि दुपारी उठतो ते ताजातवाना. मध्ये एकदाही जाग नाही. बसमध्ये नवीन पोरांना मी हे सगळं नीट समजावून सांगतो. झोप ही शिस्तीची गोष्ट आहे, मनाला सवय लावली की कावळा ओरडला तरी माणूस उठत नाही. पोरं मला झोपगुरुजी म्हणतात. थट्टेनं म्हणतात, पण विचारायलाही माझ्याकडेच येतात.

किसनही माझ्याकडेच यायचा. "सदाभाऊ, तेल बी लावलं, कूस बी बदलली, तरी झोप न्हाई लागत राव," असं म्हणायचा. मी त्याला म्हणायचो, किसन, तुझ्यात शिस्त नाही. त्याच्या घरी दोन जुळी पोरं आणि कानानं कमी ऐकणारी आई, तिचा टीव्ही दिवसभर गर्जत असतो. पण मी म्हणायचो, आवाज बाहेर नसतो, आपल्या डोक्यात असतो.

तर असा माणूस घरात असताना बायको जिना उतरून खाली मुलाखत घ्यायला गेली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

विजयश्री, म्हणजे विजू, बी.ए. करते आहे. आमची अनुया अकरावीला गेली त्या वर्षी विजू जेवताना म्हणाली, "मी पण नाव घालू का?" मला वाटलं शिवणाचा वगैरे क्लास असेल. मी म्हणालो, घाल की. तर ही बारावीची मार्कशीट आणि गॅपचं ॲफिडेव्हिट घेऊन चिंचवडच्या कॉलेजात जाऊन उभी राहिली. दुपारच्या सत्रात प्रवेश मिळाला. आता दुसरं वर्ष आहे, विषय समाजशास्त्र. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात पाठीला अनुयाची जुनी सॅक लावलेली आमची ही.

पहिल्या वर्षी मला मजा आली, खोटं कशाला सांगू. ती मला विचारायची. "अहो, जीडीपी म्हणजे काय हो?" की मी पोळी ताटात ठेवून सांगायला लागायचो. ती पेन घेऊन ऐकायची. दुसऱ्या वर्षी विचारणं कमी झालं. मग मी न विचारता सांगू लागलो. ती ऐकायची, "हं" म्हणायची, पण त्या "हं"मध्ये पूर्वीचा जीव नव्हता. एकदा मी आजकालच्या पोरांच्या बेकारीवर बोलत होतो, तर म्हणते, "हे तुमचं मत झालं. पुरावा काय?" आमच्या घरात तोवर माझ्याकडे कुणी पुरावा मागितला नव्हता. मी वरणाची वाटी संपवली आणि उठलो.

आणि मग हा फील्ड प्रोजेक्ट आला. म्हणजे पुस्तक मिटायचं, बाहेर पडायचं आणि माणसांना विचारायचं. त्यांच्या सई मॅडमनी गट पाडून दिले. विजूच्या गटाचा विषय ठरला, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांची झोप. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. त्या रविवारी दाढी केली, चांगला शर्ट काढला, अनुयाला टीव्ही बंद करायला लावला आणि वाट बघत बसलो. विजू वही-पेन घेऊन आतून आली, चपला घातल्या आणि खाली गेली.

तासाभरानं वर आली तेव्हा मी विचारलं, "किसनला काय विचारलंस?"

"झोपेचं."

"आणि मला?"

ती माठातून पाणी घेत होती. "मॅडमनी सांगितलंय, घरचा माणूस चालत नाही. घरच्या माणसाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं वाटतं, मग आपण नीट ऐकतच नाही."

"किसन काय परका आहे?"

"घरचा नाही ना."

"पण त्याला झोप येतच नाही! त्याला काय माहिती असणार झोपेतलं?"

विजूनं भांडं खाली ठेवलं. ती मुळातच हळू बोलते. माझ्या सासूबाई सांगतात की लहानपणी ओतूरला हिची हाक मळ्यातून वस्तीपर्यंत जायची, पण सासरी आल्यावर माणूस निवतं. त्याच हळू आवाजात ती म्हणाली, "अहो, रागावू नका. तुम्ही विचारलेल्याचं उत्तर देत नाही. तुम्ही समजावून सांगता."

मी रागावलो नाही. मला फक्त जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये किसन माझ्या शेजारी येऊन बसला तो वेगळ्याच तोऱ्यात. "वहिनींनी लई भारी विचारलं, सदाभाऊ. आयला, आमच्या आईला, बायकोला कधी बोललो न्हाई ते बोललो मी."

"असं काय विचारलं?"

"काय न्हाई हो. घरी आल्यावर सगळ्यात पहिलं काय करता, एवढंच. मग त्या बसल्या गप. मी वाट बगितली, त्या काय बोलंनात. मग मीच सुटलो. शेवटी माझ्या डोळ्यातनं पाणी आलं, बगा."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. तळवड्याच्या चौकात ट्रॅफिक अडकला होता. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, याचं आता शिक्षण देतात आणि वर क्रेडिट्सही देतात. आमच्या वेळी डिप्लोमाला थर्मोडायनॅमिक्स होतं. आणि या किसनच्या डोळ्यांत पाणी काढायला माझीच बायको सापडली. तिच्यासमोर माझ्या डोळ्यांत कधी पाणी आलं होतं का, ते मी आठवायला लागलो आणि मलाच माझा राग आला. त्या दिवशी मी दोन चांगले लॉट रिजेक्ट केले, सुपरवायझरनं येऊन परत तपासायला लावले.

किसनचं एक वेळ ठीक होतं. पुढं सुजित निघाला.

सुजित तिच्या वर्गातला, तिच्याच गटातला. पहिल्यांदा त्याचं नाव अनुयाच्या तोंडून कळलं. मी सकाळच्या शिफ्टहून आलो, तर पोरगी म्हणाली, "आज सुजितदादा आला होता. आईला कॉलेजला सुट्टी होती ना. दोघं किती वेळ गच्चीवर बसले होते."

"गच्चीवर कशाला? घर काय वाईट आहे?"

"मला काय माहीत. आई बोलत होती, तो ऐकत होता. मी चहा द्यायला गेले तर आई बोलायची थांबली."

आई बोलत होती. आमची विजू, जिच्याकडून दिवसभरात दोन वाक्यं काढायची तर मला गॅस सिलिंडरपासून सुरुवात करावी लागते, ती गच्चीवर बसून बोलत होती, आणि मिसरूड फुटलेलं पोरगं ऐकत होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. संशय वगैरे म्हणाल तर तसला काही नव्हता, इतका मी खुळा नाही. तो तिला ताई म्हणतो. पण संशय परवडला, असं मला वाटलं. संशयावरून निदान भांडता येतं. इथं कशाशी भांडायचं? बायको कुणाशी तरी मनातलं बोलते आणि तो कुणी मी नाही, याची तक्रार माणूस कोणाकडे करणार?

"काय बोलत होतात एवढं?" मी विजूला विचारलं.

"अभ्यासाचं."

"अभ्यासात काय?"

"त्याचं त्याच्याजवळ. बाहेर सांगायचं नसतं." आणि ती भाजी निवडायला बसली.

पुढच्या वेळी तो येणार होता त्या दिवशी मी कॉम्प-ऑफ टाकून घरीच राहिलो. पोरगं बारकं, केस डोळ्यांवर आलेले, तळवड्याला राहतं. वडील तिथंच एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर. मला वाकून नमस्कार केला तेव्हा मी थोडा निवळलो. म्हटलं, हा विषय झोपेचा आहे ना, मग बस. त्याला मी सगळं सांगितलं. तेल, डावी कूस, अंघोळीच्या पाण्याचं तापमान, मनाची शिस्त. आणि सकाळी गोंगाट करणारी घंटागाडी, जी इतर सगळ्या गल्ल्यांत गाणं वाजवत शिरते, ती आमच्या गल्लीत येतच नाही, तेही सांगितलं. मी एकदा महापालिकेच्या हेल्पलाइनवर तक्रार केली होती, तेव्हापासून ती कोपऱ्यावरच थांबते. नागरिकानं जागरूक असावं, असं मी त्याला म्हणालो.

त्यानं पेन काढलं होतं. माझं बोलणं सुरू झाल्यावर थोड्या वेळानं त्यानं पेनाला टोपण लावलं. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मी थांबलो तेव्हा त्यानं विचारलं, "काका, आणि तुम्ही झोपलेले असता तेव्हा घर काय करतं?"

"घर काय करणार? घर घराचं काम करतं."

तो गप्प बसला. मीही बसलो. मग मी त्याला झोपेच्या गोळ्यांचे तोटे सांगितले. स्वयंपाकघराच्या दारात विजू उभी होती. ती सुजितकडे बघून किंचित हसली, आणि ते हसू मला नवीन होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायकोच्या तोंडावर नवीन हसू दिसावं आणि ते दुसऱ्याच्या वाट्याला जावं, हे कुणालाही झोंबेल.

मग कॉलेजात सादरीकरणाचा दिवस ठरला. प्रत्येकानं आपण काय शोधलं ते हॉलमध्ये उभं राहून सांगायचं. ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांना बोलावलं होतं. म्हणजे किसनला. किसननं त्यासाठी नवीन पँट शिवून घेतली.

"मी पण येतो," मी विजूला म्हणालो.

ती इस्त्री करत होती. इस्त्री तशीच हातात धरून थांबली. "तुम्हाला यायचंय?"

"किसन येतो, मग मी का नको?"

तिनं इस्त्री उभी करून ठेवली. मग साडीची घडी फिरवून म्हणाली, "या. यायलाच पाहिजे तुम्ही."

शनिवारी हॉलमध्ये पोचलो, तर किसनला दारातच गुलाबाचं फूल मिळालं आणि सई मॅडमनी स्वतः त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. सई मॅडम म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. मला म्हणाली, "पालक मागे बसतील." मी पालक नाही, हे मी तिला समजावून सांगणार होतो, पण मागून गर्दी आली. शेवटी पाचव्या रांगेत एका धोंडीबा नावाच्या गृहस्थांशेजारी जागा मिळाली. त्यांची नात त्या वर्गात होती. समोर किसन दर दोन मिनिटांनी फुलाचा वास घेत होता.

विजूचा नंबर आला. ती उठली, माइक बाजूला केला आणि बोलायला लागली.

मी हा आवाज ऐकलेला नव्हता. मोठा, खणखणीत, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. कुठं अडखळणं नाही. किसनचं नाव न घेता तिनं त्याचं सगळं सांगितलं. दिवसा झोप लागत नाही, मग रात्री मशीनपुढं डुलकी लागते, मग बोट जाईल या भीतीनं तो गाणी म्हणतो. पोरांवर ओरडतो आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसतो. मला बसमध्ये शेजारी बसून यातलं काही माहीत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मला वाटलं होतं मी झोपेबद्दल विचारते आहे. पण झोप एकट्या माणसाची नसते, हे मला या कामातून कळलं." हॉलनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण माझ्या पोटात दुखत होतं. त्या परक्या, चिल्ल्यापिल्ल्यांनी भरलेल्या हॉलला माझ्या बायकोचा आवाज मिळाला आणि मला घरात कुजबुज मिळते. धोंडीबा म्हणाले, "कोण हो ही बाई? काय आवाज आहे!" मी म्हणालो, "माझी मिसेस." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बढाई मारत होतो.

मग सुजित उठला. त्याचा भाग वेगळा होता. झोपणाऱ्याची नाही, त्याच्या घरातल्या जाग्या माणसाची मुलाखत त्यानं घेतली होती. माहिती देणाऱ्या बाईंची परवानगी घेतली आहे, नाव बदलून सुमनताई केलं आहे, असं त्यानं आधी सांगितलं.

पोरगं चांगलं बोललं, हे मान्य करावं लागेल. या सुमनताईंचा नवरा थर्डहून घरी यायच्या आत त्या कुकरच्या सगळ्या शिट्ट्या उरकून घेतात. बेलचं बटण बंद करतात. स्टीलच्या डब्यांखाली फडकी ठेवलेली आहेत, झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून. चटणी वाटायची तर मिक्सरचं भांडं घेऊन शेजारणीकडे जातात. मुलगी तान्ही होती तेव्हा रडायला लागली की तिला खांद्यावर टाकून उन्हातान्हात बागेत फिरायच्या. मोठी झाल्यावर तिला ओठ हलवून पाठांतर करायला शिकवलं, आवाज न काढता. शिंक आली तर सुमनताई गॅलरीत जाऊन शिंकतात.

शिंकेला हॉल हसला. मीसुद्धा हसलो. धोंडीबांना कोपरानं ढोसून म्हणालो, "काय नमुना असेल नवरा! बायकोला शिंकू देत नाही."

"कुंभकर्ण असंल," धोंडीबा म्हणाले.

"कुंभकर्ण बरा, तो ढोल वाजवले तरी उठत नव्हता. या बाबाला शिंकही चालत नाही," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं खूप हसलो.

"आणि घंटागाडी," सुजित पुढं म्हणाला. "ती गल्लीत आली की गाण्यानं नवरा जागा होईल, म्हणून सुमनताईंनी ड्रायव्हरशी बोलून ठेवलंय. गाडी कोपऱ्यावर थांबते. त्याच्या बदल्यात पूर्ण इमारतीच्या कचऱ्याच्या बादल्या त्या स्वतः कोपऱ्यापर्यंत वाहून नेतात. थर्ड असो नसो, रोज. कारण गाडीची सवय मोडली तर परत लावता येणार नाही."

माझं हसू तोंडातच राहिलं. मला वाटलं, अशी घंटागाडी दुसऱ्या एखाद्या गल्लीतही थांबत असेल. रहाटणी मोठी आहे.

"मी सुमनताईंना विचारलं, तुमच्या नवऱ्याला हे माहीत आहे का? त्या म्हणाल्या, नाही. त्यांना वाटतं त्यांच्याकडे शिस्त आहे. ते इतरांना दिवसा कसं झोपायचं ते शिकवतात. लोक त्यांना गुरुजी म्हणतात. मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत? तर म्हणाल्या, शिकवू देत. त्यांना कळलं नाही, म्हणजे माझं काम चोख झालं."

पहिल्या रांगेत किसन फूल धरून सावकाश मागं वळला. त्याची नजर रांगेरांगेतून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आता लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, कान तापले. पण लाजेच्या आधी जे आलं ते सांगतो. मला त्या पोराचा हेवा वाटला. इतका की त्याच्या हातातले कागद ओढून घ्यावेत. माझ्या घरातली इतक्या वर्षांची गोष्ट, माझ्या डोक्यापासून दहा पावलांवर रोज घडलेली, आणि ती पहिल्यांदा ऐकली कुणी? तळवड्याच्या एका पोरानं, माझ्याच गच्चीवर बसून, माझ्याच घरचा चहा पिऊन. आणि त्यानं ती मिळवण्यासाठी केलं काय, तर एक प्रश्न विचारला आणि तोंड मिटलं. तोच प्रश्न त्यानं मलाही विचारला होता. मी त्याला गोळ्यांचे तोटे सांगितले.

मी विजूकडे पाहिलं. ती स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. वही मिटलेली, हात मांडीवर. किसनची मुलाखत घेताना अशीच बसली असेल.

येताना स्कूटरवर ती मागे, मी पुढे. काळेवाडीच्या सिग्नलला मी बोलायला तोंड उघडलं, पण काय बोलणार होतो ते सगळं समजावून सांगण्यातलं होतं. हिरवा दिवा लागला आणि मी स्कूटर पुढं काढली.

घरी अनुया क्लासला गेलेली होती. विजूनं चपला काढल्या त्या हातात घेऊन रॅकमध्ये ठेवल्या. टाकल्या नाहीत, ठेवल्या. किल्ली टेबलावर ठेवताना खाली तळवा धरला. खुर्ची ओढली नाही, उचलून मागं घेतली. हे मी रोज बघत होतो आणि मला वाटायचं ही नीटनेटकी आहे.

"चहा टाकू?"

"नको. बस जरा. मला विचारायचंय."

ती बसली. मी सुरुवात केली, "हे बघ, थर्ड शिफ्टचं असं असतं की शरीराचं जे घड्याळ आहे," आणि थांबलो. ती वाट बघत होती. मी पुन्हा सुरुवात केली.

"मी झोपलेला असतो तेव्हा तू काय करतेस?"

"सुजितनं सांगितलं की सगळं."

"त्याला सांगितलंस. मला कुठं सांगितलंस?"

"तुम्ही कुठं विचारलं?"

याला माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. विचारायला मी जागा कुठं होतो, हे एक. तू सांगायचं नाही का, हे दुसरं. एकेक ओठांपर्यंत आलं आणि मी एकेक गिळलं. असलं अवघड काम मी डिप्लोमालासुद्धा केलं नव्हतं. पंखा फिरत होता. खालून किसनच्या आईचा टीव्ही ऐकू येत होता. विजू माझ्या तोंडाकडे बघत होती, आता हा काय समजावून सांगतो म्हणून. मी काही बोललो नाही.

बऱ्याच वेळानं तिचे ओठ हलले. ती काहीतरी म्हणाली, पण इतकं हळू की ते पंख्याच्या आवाजात गेलं.

"मोठ्यानं सांग," मी म्हणालो. "हॉलमध्ये बोललीस तसं. माझ्याशी बोल तसं."

तिनं मान डोलावली. पदर सावरला, श्वास घेतला. आणि तोंड उघडायच्या आधी सवयीनं तिची नजर बेडरूमच्या दाराकडे गेली. मी तिच्यासमोर बसलो होतो, आतला पलंग रिकामा होता, तरी ती क्षणभर कानोसा घेत राहिली.